चौथं कडवं

परीक्षक म्हणून माझी ख्याती चांगली नाही. "लेख हरिश्चंद्र सरांकडे गेला की मेला," असं मराठीचे तरुण प्राध्यापक एकमेकांना सांगतात, आणि ते ऐकून मला बरं वाटतं, हे आधीच कबूल करून टाकतो. खरं तर परीक्षकाचं नाव लेखकाला कळू नये आणि लेखकाचं परीक्षकाला, असा नियम असतो. पण वसईच्या लोकगीतांवर लिहिणारे लोक आहेतच किती! माझ्या परीक्षणाच्या दोन ओळी वाचल्या की समोरच्याला कळतं, हा म्हाताराच तो.

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. तरीही कौस्तुभ मला लेख पाठवत राहतो. कौस्तुभ माझा जुना विद्यार्थी, आता एका संशोधन षण्मासिकाचा संपादक आहे. गेल्या जानेवारीत त्याच्याकडून एक सव्वीस पानी लेख आला. नेहमीप्रमाणे लेखकाचं नाव काढून टाकलेलं होतं. विषय वाचला आणि हातातला चहा मी तसाच खाली ठेवला. वसईच्या गावांतलं हळद उतरवतानाचं गाणं आणि त्याचं चौथं कडवं.

इथे थोडं मागे जावं लागेल. आमच्या भागातल्या काही आळ्यांत नवरीची हळद उतरवताना बायका तिला आंघोळ घालतात आणि एक गाणं म्हणतात. पहिलं कडवं हळदीचं, दुसरं विहिरीच्या पाण्याचं. तिसरं एका प्रश्नावर संपतं, 'हळद दिली, पानी दिलं, आता हिला काय देऊ?' आणि गाणं तिथेच थांबतं. एकोणनव्वद साली मी टेपरेकॉर्डर खांद्याला लावून बारा घरं फिरलो आणि हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. बाराही घरांत ते याच प्रश्नावर थांबलं. प्रश्न आहे म्हणजे उत्तर असणारच, असा मी तर्क केला. चौथं कडवं होतं, पण बायका ते विसरल्या. माझ्या पुस्तकातलं सातवं प्रकरण याच गोष्टीवर आहे, 'हरवलेला शेवट' नावाचं. ते अभ्यासक्रमाला लागलं. परीक्षेत दोनदा त्यावर प्रश्न आला. तीस वर्षं ज्याला त्याला मी हेच सांगत आलो आणि जो तो हेच लिहीत आला.

या लेखाचं म्हणणं होतं की बायका काहीही विसरलेल्या नाहीत.

मला राग आला. पहिल्या पाच पानांत शुद्धलेखनाच्या तीन चुका सापडल्या, त्यांना मी आनंदाने लाल गोल केले. लॅपटॉपवर परीक्षणाचा अर्ज उघडला. त्यात तीन चौकोन असतात, 'स्वीकारावा', 'दुरुस्तीसह स्वीकारावा' आणि 'नाकारावा'. तिसऱ्या चौकोनावर मी बाण नेऊनही ठेवला. एका टिचकीचं काम होतं. लेख गेला असता, माझं सातवं प्रकरण राहिलं असतं आणि जगात कोणालाही काही कळलं नसतं. पण पूर्ण न वाचता लेख नाकारण्याचं पाप मी आजवर केलेलं नाही. म्हणून पुढे वाचत गेलो आणि चौदाव्या पानावर आलो.

चौदाव्या पानावर एक तक्ता होता. माझ्या ध्वनिफिती कॉलेजने चार वर्षांपूर्वी संगणकावर चढवल्या आहेत, त्या या लेखकाने एकेक सेकंद मोजून ऐकल्या होत्या. प्रत्येक घरात गाणं कुठे थांबतं, मग किती सेकंद शांतता, मग माझा आवाज, "पुढे?" मग कोणीतरी म्हणतं, "नाय आठवत." आणि त्यानंतर बाराच्या बारा घरांत एक गोष्ट घडते. बायका हसतात. काही ठिकाणी खुदकन, काही ठिकाणी पदर तोंडाला लावून, पण हसतात. तक्त्याखाली लेखकाने दोनच वाक्यं लिहिली होती. 'बारा घरांतल्या बायका एकाच शब्दावर विसरत नाहीत. आणि विसरलेली माणसं हसत नाहीत.'

मी चष्मा काढून बसून राहिलो. त्या फिती मी शंभर वेळा तरी ऐकल्या असतील. एकेक शब्द हाताने उतरवला होता. पण गाणं थांबलं की माझं पेनही थांबायचं. हसणं काही वाङ्मय नव्हे, ते कशाला उतरवायचं? ज्या जागेवर मी टेप बंद करायला हात पुढे करत होतो, नेमक्या त्याच जागी हा कोण, कुठला, न पाहिलेला माणूस कान लावून बसला होता. असं ऐकणं मला आयुष्यात जमलेलं नाही. राग कधी गेला ते कळलं नाही, आणि मला एकदम लहान झाल्यासारखं वाटलं.

मी कानाला हेडफोन लावून फिती ऐकायला घेतल्या. सहा घरं झाली. सातवी फीत माझ्या सासुरवाडीची होती, भातशेतीच्या कडेचं घर, अंगणात मावश्या, काकवा, आत्या. "पुढे?" मी विचारतो. "नाय आठवत, जावईबापू," सासूबाई म्हणतात. आणि सगळ्यांच्या वरती एक कोवळं हसू फुटतं, कोणीतरी तिला गप्प करतं. मी ते तीनदा मागे नेऊन ऐकलं. ते हसू चंद्रकांताचं होतं. माझ्या बायकोचं.

चंद्रकांता मागच्या पडवीत अळूची पानं निवडत बसली होती. मी लॅपटॉप तसाच उचलून तिच्यासमोर नेला आणि ती जागा वाजवली.

"हे तू आहेस?"

तिने ऐकलं. मग पानाची शीर काढता काढता म्हणाली, "आता सापडलं होय?"

"चौथं कडवं आहे?"

"आहे ना."

"मग तीस वर्षांत सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही पुस्तक छापून घेऊन आलात आणि म्हनालात, बायका विसरल्या. कॉलेजात सत्कार, पेपरात फोटो. मग आमी कोन सांगनार?" ती शांतपणे म्हणाली. "आनि मला कधी विचारलंत? टेप घेऊन गावभर फिरलात. घरी आलात की चहा मागायचात."

मी आत येऊन कौस्तुभला फोन लावला.

"हा लेख मी तपासू शकत नाही," मी म्हणालो. "यात माझंच प्रकरण खोडलेलं आहे. माझा हितसंबंध आड येतो."

"सर, ते मला माहीत होतं," कौस्तुभ अवघडून म्हणाला. "पण या गाण्यातलं कळणारं दुसरं कोणी नाहीच."

"आहे. माझ्या घरात आहे."

मग तो म्हणाला, "मॅडम? चालेल सर. अर्जात परीक्षकाची पात्रता लिहावी लागते, तेवढं बघा."

चंद्रकांताने तो लेख दोन दुपारी वाचला. बारावीनंतर तिने वाडी सांभाळली, केळी, अळू, सोनचाफा, सगळं तिच्या हातचं. संशोधन-लेख तिने पहिल्यांदाच हातात घेतला होता. तळटिपासुद्धा सोडल्या नाहीत. पेन्सिल कानामागे. मधेच हसायची, मधेच "अगं बाई" म्हणायची. मी खोलीच्या दाराशी उगाच घुटमळत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मला बोलावून समोर बसवलं.

"पोरीने कान देऊन ऐकलंय," ती म्हणाली. लिहिणारी पोरगीच आहे हे तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. "पन एक चुकलंय. ती म्हनते, बाप्यांसमोर म्हनायची लाज, म्हनून लपवलं. तसं नाय ते."

"मग कसं?"

"चौथं कडवं एक नसतंच. जेवढ्या नवऱ्यामुली तेवढी. हळद उतरवताना बायका तिथल्या तिथे करतात, त्या एका मुलीचं. ती कशी आहे, कुठे चाललीय, तिला काय लागेल. एकेकीची एकेक ओळ. नवरीच्या डोळ्यांवर पानी, कोनाची ओळ कुठली तेपन तिला दिसत नाय. एकदाच म्हनायचं. मग ते तिचं." ती थांबली. "तुम्ही विचारायचात, पुढे काय? तिथे नवरी नव्हती, तर कोनाचं म्हननार? जिनं तिनं आपापलं आठवलं, आनि हसलो."

मी एका हरवलेल्या कडव्याचा तीस वर्षं शोक करत बसलो होतो. इथे गावातल्या प्रत्येक बाईजवळ एकेक कडवं होतं, विहिरीवर, बाजारात, देवळात, माझ्या बाजूने रोज चालत जाणारं. त्या सगळ्या बायका मला दिसायला लागल्या. किती असतील याचा हिशेबच लागेना.

"अजूनही करतात?" मी विचारलं.

"हेमालीचं नाय केलं?"

हेमाली आमची मुलगी. सहा वर्षांपूर्वी विरारच्या एका हॉलवर तिचं लग्न झालं, आता ती नायगावला टॉवरमध्ये राहते. हळदही हॉलवरच होती. मला चांगलं आठवतं, नवरीच्या खोलीचं दार बंद होतं, आतून प्लॅस्टिकच्या टबात पाणी ओतल्याचा आवाज येत होता, मेकअपवालीला बाहेर उभं केलं होतं. माणसं खोळंबली म्हणून मी दारावर थापा मारल्या होत्या, "अगं, किती वेळ?" आतून हसण्याचा आवाज आला आणि कोणीतरी ओरडलं, "आलोच." ज्याला मी छापील पुस्तकात लुप्त म्हणून जाहीर केलं होतं, ते पाच पावलांवर, दाराच्या पलीकडे, माझ्याच मुलीसाठी तयार होत होतं. आणि मी घड्याळ बघत होतो.

मी हेमालीला फोन केला. "तुझं चौथं कडवं आहे?"

"हो बाबा," ती ऑफिसमधून म्हणाली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काय आहे ते?"

"असं सांगत नाहीत," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका मऊ झाला की मी पुन्हा विचारलं नाही.

परीक्षण चंद्रकांताने सांगितलं, मी टंकलं. मी एक शब्द बदलायला गेलो तर तिने बदलू दिला नाही. लेख दुरुस्तीसह स्वीकारावा. लपवलं असं लिहू नये, प्रत्येकीचं वेगळं असतं असं लिहावं. कडवी आहेत हे जगाला सांगायला हरकत नाही, कडव्यात काय आहे ते कोणाकडे मागू नये. मुलीने ऐकलं ते फार चांगलं ऐकलं. मग पात्रतेचा चौकोन आला. माझ्या परीक्षणांत त्या जागी पदव्या, पुस्तकं, विभागप्रमुखपद असं अर्धं पान भरत असे.

"काय लिहू?" मी विचारलं.

ती बोटांवर मोजत बसली. "तेवीस," ती म्हणाली. "तेवीस जनींच्या कडव्यात माझी ओळ आहे. हेमाली धरून."

मी तेच लिहिलं. त्याखाली माझ्या नावाने कौस्तुभला वेगळं पत्र जोडलं, की सातव्या प्रकरणातलं माझं विधान चुकीचं आहे, मी ते मागे घेतो आणि हे षण्मासिकात छापावं. लिहिताना दुखेल असं वाटलं होतं, दुखलं नाही. उलट अंगातून काहीतरी जड उतरलं. पाठवण्याची कळ चंद्रकांताने स्वतः दाबली.

ती उठून चुलीकडे निघाली होती. मी मात्र खुर्चीतून हललो नाही. एक्केचाळीस वर्षं या बाईबरोबर एका छपराखाली राहिलो आणि तिच्याजवळ तिचं म्हणून एक कडवं आहे हे मला आज कळत होतं.

"तुझ्यात काय आहे, ते सांगू नकोस," मी म्हणालो. "फक्त एवढंच सांग, मी आहे का त्यात?"

ती दारात थांबली. "एका ओळीत आहात."

"पण तेव्हा मला तुमच्यातलं कोणी ओळखतही नव्हतं."

"बघायला आलात तेव्हा मावशीने खिडकीतून बघितलं होतं. तेवढ्यावर केली तिने ओळ."

"बरोबर निघाली?"

चंद्रकांताने माझ्याकडे बघितलं, खूप वेळ बघितलं, माझ्या जवळपास सगळ्या वर्षांवरून तिची नजर फिरून आल्यासारखी वाटली. "शब्दन् शब्द," ती म्हणाली, आणि हसली. मी डोळे पुसले आणि तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो.