खाटेएवढी दया

आमचे हे भाताला खत घालतात ते पाहुण्याला आग्रह करावा तसं. पोट भरलं म्हटलं तरी आणखी एकदा वाढायचंच. अठरा वर्षं मी त्याच शेतात कंबर मोडेपर्यंत वाकतेय, पण खत किती टाकायचं हे मला कुणी एकदाही विचारलं नाही. मला त्याचा राग होता आणि तो मी लपवतही नव्हते.

या वर्षी मी शेती अधिकाऱ्यांकडून हिरव्या रंगाच्या फिकट-गडद छटांची एक पट्टी आणली. भाताचं पान तिच्यावर धरायचं आणि ठरलेल्या रंगापेक्षा फिकट दिसलं तरच युरिया टाकायचा. हे पोट धरून हसले. बोलता बोलता पैज लागली. शेत मधोमध वाटलं, वरचं माझं, खालचं ह्यांचं. ज्याचं जास्त पिकेल त्याने पुढे ठरवायचं.

महिन्याभरात ह्यांचं भात काळपट हिरवं झालं आणि माझं राहिलं पोपटी. येणारेजाणारे माझ्या पिकाकडे आजारी माणसाकडे बघावं तसे बघायचे. सासूबाईंनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, "काही खातं का गं ते?"

"भुकेपुरतं खातं," मी म्हटलं. पण मनात धाकधूक होतीच.

सासूबाईंनी लवकरच पक्ष बदलला. ह्यांच्या बाजूचं पाणी खालच्या तळ्यात उतरायचं. जास्तीचं खत तिथे पोचलं, तळं शेवाळाने भरलं आणि सासूबाईंची अकरा बदकं थेट आमच्या स्वयंपाकघरात राहायला आली. त्यातलं एक ह्यांच्या खुर्चीवर बसलं ते उठेचना. हे त्याच्यावर खेकसले.

"त्याला काय बोलतोस?" सासूबाई म्हणाल्या. "त्याचं घर तूच घालवलंस."

कापणीला आठ दिवस उरले असताना वारा सुटला. जास्त खताने उंच आणि मऊ झालेलं ह्यांचं लाडावलेलं भात सगळं आडवं झालं. माझं ताठ उभं होतं. फक्त मधोमध खाटेएवढा तुकडा लोळला होता, जणू तिथे कुणी दुपारची झोप काढून गेलं होतं.

"इथे काय झालं?" मी विचारलं.

हे आभाळाकडे बघू लागले.

"अहो, तुम्हाला विचारतेय."

"पहाटे येऊन थोडं खत टाकायचो. चार-पाच वेळा."

"कशाला?"

"तुझं फारच फिकट दिसत होतं. हरलीस तर तोंड पाडून बसशील. ते मला बघवलं नसतं."

"आधी पट्टी लावून बघितली?"

"नाही."

"मला विचारलंत?"

ह्यांनी नकारार्थी मान हलवली. मला भयंकर राग आला आणि त्याच वेळी हसूही फुटलं, त्यामुळे धड भांडताही येईना.

मळणी झाली. तो खाटेएवढा तुकडा मी मोजणीत धरला नाही, उगाच कुणी नावं ठेवायला नकोत. तरी माझी एकवीस पोती भरली, ह्यांची सतरा. ह्यांनी ती दोनदा मोजली, मग सासूबाईंकडून मोजवून घेतली.

संध्याकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ चौकटीवर नख घासत होते. मग म्हणाले, "पुढच्या हंगामात किती टाकायचं?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. मी ते दिलं नाही.

"परत विचारा," मी म्हटलं.

ह्यांनी परत विचारलं.