चौथ्या पेटीवरची वीट

किल्ली कुलपात जाईना. कुलूप ठीक होतं, हातच घामानं निसरडे झाले होते. माशीवालीनं किल्ली दातात धरली, दोन्ही तळहात साडीला पुसले, स्वतःलाच एक शिवी घातली आणि परत किल्ली लावली. खट्. फाटक अर्धंच उघडलं, कारण आतल्या बाजूनं झाडाची मोठी फांदी आडवी पडली होती. ती पोट आत घेऊन फटीतून घुसली. पदर तारेत अडकून फाटला. फाटला तर फाटला.

काल संध्याकाळी सहाच्या सुमाराला गारा पडायला लागल्या, तेव्हा ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी पिळत होती. पत्र्यावर कुणी खडीची गाडी रिकामी करतंय असा आवाज. मुकादमानं बाहेर पडू दिलं नाही, आणि नंतर रस्त्यात झाडं पडली म्हणून बसच निघाली नाही. सकाळपर्यंत ती चादरींच्या गाठोड्यावर बसून होती. डोळ्यांपुढे मधमाश्यांच्या नऊ पेट्या. हिवाळ्यात अकरा होत्या. त्यातल्या दोन कुणीतरी लोळवल्या, आतल्या माश्या गारठून मेल्या, ओंजळीओंजळीनं भरून टाकाव्या लागल्या. आता या नऊही गेल्या तर परत पहिल्यापासून सुरू करायला तिच्यात ना वय उरलं होतं ना दम.

फांदीवरून पाय टाकून ती पुढं गेली आणि थांबली.

नऊच्या नऊ पेट्या उभ्या होत्या.

तिनं मोजल्या. परत मोजल्या. तीन पेट्यांची एक बाजू चिखलानं माखलेली, म्हणजे त्या पडल्या होत्या. पण वारा पेट्या पाडतो, उचलून जागेवर नाही ठेवत. झाकणं घट्ट बसवलेली. प्रत्येक पेटीभोवती कपडे वाळत घालायची निळी दोरी गुंडाळलेली, आणि दोरीला अजून चार-पाच चिमटे लटकत होते. गाठी लहान मुलाच्या बुटाला मारतात तसल्या, दोन कानवाल्या. दाराशी माश्या यायला-जायला लागल्या होत्या. पेटीला कान लावला तर आत रोजची गुणगुण.

ती तिथंच ओल्या मातीत बसली, आणि थोड्या वेळानं तिला राग आला. आपल्या गैरहजेरीत आत कोण शिरलं?

शेजारचा गॅरेजवाला तेवढ्यात शटर वर करत होता. त्याच्याशी ती पाच महिने बोलत नव्हती. त्या दोन पेट्या त्याच्याच पोरांनी लाथाडल्या असं तिनं सगळ्या गल्लीत सांगितलं होतं, कारण आदल्याच आठवड्यात एकाला माशी चावली होती आणि त्यानं आरडाओरडा केला होता. तिची तक्रार गेली आणि पोलिसांनी गॅरेजवाल्याला दोन तास चौकीत बसवून ठेवलं. आता तिनं कुंपणापाशी जाऊन विचारलं, काल कुणी आत आलं होतं का. त्यानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"बाई, माझ्या तीन गाड्यांच्या काचा गेल्यात," तो म्हणाला. "तुमच्या पेट्यांत हात घालायला मला काय वेड लागलंय?"

बरोबर होतं. ती परत फिरली, आणि तेव्हा तिचं लक्ष विटांकडे गेलं.

झाकण उडू नये म्हणून प्रत्येक पेटीवर एक वीट असायची. कुणालाही वाटावं नुसतं वजन आहे. पण वही लिहायचा तिला भयंकर कंटाळा, म्हणून विटा हीच तिची वही होती. वीट आडवी म्हणजे आत सगळं ठीक. वीट कडेवर म्हणजे खायला कमी आहे, साखरपाणी द्यायचं. वीट उभी म्हणजे पेटीत राणी नाही, डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. ही खूण तिनं सख्ख्या बहिणीलाही सांगितली नव्हती. चोराला कशाला कळावं कुठल्या पेटीत दम आहे आणि कुठल्या नाही.

आणि आत्ता दुसरीवरची वीट कडेवर होती. सातवीवरची कडेवर. पहिली, तिसरी, पाचवी, सगळ्या आडव्या. जशाच्या तशा. पडलेल्या तीन पेट्यांवरसुद्धा.

हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग ती चौथ्या पेटीपाशी आली. चौथीवरची वीट उभी होती.

ती चुकीची होती. चौथीत महिनाभर राणी नव्हती, पण काल चार वाजता तिनं पेटी उघडली तर चौकटीवर अंडी होती, तांदळाच्या कणीएवढी, एकेका घरात एकेक. नवी राणी कामाला लागली होती. तिनं तेव्हाच वीट आडवी केली होती, आनंदानं दोनदा थोपटूनसुद्धा. म्हणजे ज्यानं कुणी या विटा ठेवल्या त्याला रोजचं सगळं माहीत होतं, पण कालचं चार वाजताचं माहीत नव्हतं.

तिनं हळूहळू मान वर केली.

पलीकडच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ती खिडकी होती. तिथं एक म्हातारा खुर्चीत बसलेला असायचा, सकाळपासून अंधार पडेपर्यंत, नजर खाली पेट्यांवर. तिला त्याचा वीट आला होता. ऐन थंडीत एकदा त्यानं वरून तिच्यावर काठी उगारली होती, अगदी तावातावानं. तेव्हापासून ती त्याला चोरांचा टेहळ्या समजत होती. दिवसातून एकदाच, चार वाजता, त्याचं अंग पुसायला खिडकीचा पडदा अर्धा तास ओढलेला असे. म्हणून ती पेट्या बरोबर चार वाजताच उघडायची. तेवढा अर्धा तास त्याला काहीच दिसत नव्हतं.

ती जिना चढली तेव्हा पायांचा चिखल प्रत्येक पायरीवर उमटत होता. दार वाजवायच्या आधी तिनं फाटका पदर खोचला. दार उघडलं म्हाताऱ्याच्या सुनेनं. तिचा एक डोळा सुजून पूर्ण मिटला होता, वरचा ओठ नाकाला भिडला होता, आणि हाताची बोटं फुगलेली.

"अगं बाई," माशीवाली म्हणाली. जिन्यात जुळवलेलं बाकी सगळं ती विसरली.

सून बाजूला झाली आणि हसायचा प्रयत्न केला. तो फार काही जमला नाही.

मग तिनंच सगळं सांगितलं, ओठामुळं निम्मे शब्द गिळत. काल अंग पुसल्यावर पडदा ओढलेलाच राहिला होता. वाऱ्यानं तो उडाला, खाली विटा कोसळलेल्या दिसल्या आणि बाबा काठीनं खिडकीची चौकट बडवायला लागले. तिसरी पेटी पडली, मग पाचवी, मग आठवी. ती म्हणाली, बाबा, त्या बाईच्या पेट्या, तिचं ती बघेल, मला माश्यांची भीती वाटते. तर ते स्वतः उठायला गेले आणि खुर्चीतून निम्मे खाली घसरले. वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आलेला माणूस. त्यांना परत बसवलं आणि ती निघाली. नवऱ्याचा रेनकोट घातला, हातांत पायमोजे चढवले, डोक्यावर गारा बसू नयेत म्हणून पातेलं उपडं घातलं. भिंतीला स्टूल लावून आत उतरली. पेटी उचलली की माश्या बाहेर, मोज्यांतून चावत होत्या. वाऱ्यात बाबांचं बोलणं ऐकू येईना, तसंही झटक्यापासून ते नीट बोलत नाहीत. मग त्यांनी वरून काठी दाखवायला सुरुवात केली. आडवी, उभी, तिरकी म्हणजे कडेवर. एकेका पेटीला. विटा तशाच ठेवल्याशिवाय ते हातानं 'ये' म्हणेनात.

"मला वाटलं, विटा तशा नसल्या तर माश्या घरात जातच नसतील," सून म्हणाली. "काय ते तुमचं शास्त्र."

माशीवालीनं तिचा हात ओढून उजेडात धरला. मनगटावर अजून तीन काटे रुतलेले होते. चिमटीत धरून ओढायचे नाहीत, विष आणखी आत जातं, असं बडबडत तिनं ते एकेक करून नखानं खरवडून काढले. तिसऱ्या काट्याला तिला नीट दिसेनासं झालं. तिनं खांद्याला डोळे पुसले आणि परत बघितलं. सुनेनं हात तसाच तिच्या हातात राहू दिला.

म्हातारा खिडकीपाशी होता. जवळून तो तेवढा करडा दिसत नव्हता. डावी बाजू लुळी, पण डोळे तरतरीत. ती त्याच्यापुढं जमिनीवरच बसली. आभार मानायची तिला सवय नव्हती, तोंडातून नीट निघेनात. त्याऐवजी तिनं विटांचा अर्थ सांगितला. आडवी म्हणजे काय, कडेवर म्हणजे काय, उभी म्हणजे काय. आणि चौथीत काल राणीनं अंडी घातलीत, काका, त्या वेळी तुमचा पडदा लागलेला होता.

तो सगळं ऐकत होता. कडेवरच्या विटेचा अर्थ ऐकून त्यानं कपाळावर हात मारला. तो पाच महिने समजत होता की कडेवरची पेटी म्हणजे मधानं भरलेली. सुनेला त्यानं तसं सांगूनही ठेवलं होतं, आणि दुसऱ्या पेटीकडे बघून सुनेच्या तोंडाला पाणी सुटत होतं. तिथं तिघं थोडं हसली.

मग त्याला काही सांगायचं होतं. शब्द एकेक करून, मध्ये श्वास घेत आले.

"थंडीत... त्या दोन. कुणी नाही पाडल्या."

ती पुढं झुकली.

त्यानं चांगल्या हाताची दोन बोटं मांडीवर उभी केली आणि पुढचं बोट हळूहळू वाकवलं. सुनेनं समजावून सांगितलं. स्टँडचा पुढचा पाय रोज थोडा थोडा मऊ मातीत रुतत होता. त्यांना वरून दिसत होतं, तीन दिवस. चौथ्या पहाटे तो पाय गेला आणि दोन्ही पेट्या पुढं कलंडल्या. आसपास कुत्रंसुद्धा नव्हतं.

"काठी," तो म्हणाला. "तुला दाखवत... होतो."

ती उगारलेली काठी. तिला आठवलं, तेव्हा तिनं खालून काय काय ऐकवलं होतं ते. आवाज वर पोचला नसेल अशी तिनं मनातल्या मनात आशा केली, आणि सुनेच्या चेहऱ्याकडे बघून कळलं की पोचला होता, शब्दन्‌शब्द.

"काका, मी फार बोलले हो," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. हो, बोललीस. आणि मग चांगला हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला, जडसा, क्षणभर.

खिडकीतून तिची जागा इवलीशी दिसत होती. नऊ पेट्या, चिखल, तिच्याच पावलांचे ठसे, आणि कुंपणापलीकडे काचा झाडणारा गॅरेजवाला. सुनेनं चहा विचारला. ती म्हणाली, येते, आधी एक काम आहे, चहा उकळत ठेव.

गॅरेजवाला सुपलीत काचा भरत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली तरी त्यानं झाडू थांबवला नाही.

"पेट्यांच्या स्टँडला खाली रुंद पट्ट्या लावून हव्यात," ती म्हणाली. "मातीत रुतायला नकोत."

"माझ्याकडून?"

"हं."

त्यानं झाडू गाडीला टेकवला. "हिवाळ्यात कुणी पाडलं ते सापडलं वाटतं."

"सापडलं."

"कोण?"

"मीच. स्टँड मीच ठोकलं होतं."

तो तिच्याकडे बघत राहिला. चौकीतले ते दोन तास त्याच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होते, आणि तिनं नजर खाली केली नाही. रस्त्यावरून एक टेम्पो गेला. गॅरेजवाल्यानं हात पँटला पुसले. मग आत गेला. ती निघायला वळली, तर तो मोजायची टेप घेऊन बाहेर आला.

फाटकातून आत शिरताना त्यानं कॉलर वर केली आणि बाह्या मनगटापर्यंत ओढल्या.

"हळू चाला," ती म्हणाली. "घाई केली की रागावतात. माझ्यासारख्याच आहेत."

"ते ठाऊक आहे सगळ्या गल्लीला," तो म्हणाला. पहिल्या पेटीपाशी तो गुडघ्यावर बसला, टेपचं टोक तिच्याकडे केलं.

"धरा."

तिनं धरलं.