पाहुणे आले!

अगं, तू फक्त ऐक. मध्ये हसलीस तर पुढचं सांगणारच नाही.

माझी मावशी माहितीये ना, आमच्याकडेच राहते, पुढच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करते? तिचं छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, छान झालं, आता तो परत येऊ नये म्हणून रोज हार्मोनची गोळी. पण ती गोळी म्हणजे ना! बसल्या बसल्या अंगाची लाही लाही. चेहरा लालबुंद, घाम नुसता. आणि समोर गिऱ्हाईक असलं की तिला लाज वाटते. म्हणून आमच्या घरात परवलीचा शब्द ठरलाय. कुणी "पाहुणे आले!" म्हटलं की बाबा खिडक्या उघडणार, आई ओला नॅपकिन आणणार, मी पंखा लावणार. पण त्याआधी टेबलावरच्या स्क्रूंवर वाटी पालथी घालायची हं! एकदा विसरले, तर एका घड्याळाचा अख्खा संसार कपाटाखाली.

तर परवा मावशी हळूच म्हणाली, "सकाळी बोटं इतकी आखडतात गं, चिमटा धरवत नाही. मी गोळी बंद केलीये. पोटात ठेव. ताईला बोललीस तर याद राख."

"अगं पण मावशी..."

"पण नाही नि बिण नाही. बोटं गेली तर काय, लोकांची घड्याळं नुसती बघत बसू?"

तिनं गोळी सोडली आणि गोळा आला माझ्या पोटात!

आणि काल बाबांच्या ऑफिसातल्या नव्या मोठ्या बाई पहिल्यांदाच आमच्याकडे चहाला आल्या. मी दार उघडलं आणि आत ओरडले, "आई, पाहुणे आले!"

संपलं! बाबांनी धाडधाड खिडक्या उघडल्या. आई नॅपकिन घेऊन सुसाट. आणि मी, सवयच ना गं, वाटी पालथी घालून पंखा फुल्ल! बाईंचे केस उभे! मावशी ओरडतेय, "अगं मी नाही, मी नाही, खरे पाहुणे!" आईनं गडबडून नॅपकिन बाईंच्याच हातात कोंबला. बाबांचं तोंड असं, की गेली नोकरी.

आणि बाईंनी काय करावं? नॅपकिन मानेवर दाबला, डोळे मिटले आणि पंख्यासमोर उभ्या राहिल्या. "अय्या, तुम्हाला कसं कळलं? जिन्यातच माझ्या अंगातून नुसती वाफ निघत होती!"

"गोळी?" मावशीनं विचारलं.

"गोळी!"

दोघी अशा हसत सुटल्या की चहा गार! मग बाई म्हणाल्या, "माझी तर बोटंही आखडायची. पेन धरवेना. मी शहाणी, मनानंच बंद केली. डॉक्टरीणबाईंनी असं झापलं! म्हणाल्या, मला आधी सांगायचं ना, दुसरी गोळी आहे की. ती दिली, बोटांचे व्यायाम दिले. आता बघा!" आणि हवेत बोटं नाचवून दाखवली. "तुम्ही घेताय ना रोज?"

"घेते की," मावशी म्हणाली. आणि माझ्याकडे असं बघितलं ना!

"खोटं! बंद केलीये तिनं!" निसटलंच गं तोंडातून.

आई कमरेवर हात ठेवून उभी. मावशी लालेलाल. आता ही वाफ की राग, कुणाला कळेना. शेवटी बाईच म्हणाल्या, "उद्या माझ्या गाडीतून जाऊ डॉक्टरीणबाईंकडे." आणि आज गेल्यासुद्धा दोघी, खिदळत!

जाताना मावशी मला म्हणाली, "घरभेदी!" आणि माझ्या हातावर माझं दुरुस्तीला दिलेलं घड्याळ ठेवलं. बघ, हे बघ, काटे उलटे फिरतायत! मुद्दाम केलंय, त्याच आखडलेल्या बोटांनी!

पण खरं सांग, तू असतीस तर गप्प बसली असतीस?