बकरी लाइनवर आहे

आजीने ठिणगीच्या हातातलं खोडरबर काढून घेतलं आणि आपल्या मांडीखाली दडवलं.

"खोडायचं नाही. लिहिलंस ते बरोबर आहे. द गोट इज ऑन द लाइन."

"पण आजी, बकरी फोनच्या लाइनवर कशी असेल?"

"का नसेल? तार खाल्ली होती तिने. बावीस हात तांब्याची तार. मग तीन दिवस गावातला कुठलाही फोन उचला, पलीकडून आपलं बें. आमच्या मोठ्या साहेबांनी उचलला, तरी बें. तर ते उभे राहून 'येस सर, येस सर' करायला लागले. त्यांना वाटलं, त्यांचे साहेब."

ठिणगी हसता हसता वहीवर आडवी झाली. नऊ वर्षांची पोर, हसायला लागली की अख्खी हसायची, पायाच्या अंगठ्यापर्यंत.

शाळेतल्या बाई रोज वहीत कागदाची एक पट्टी चिकटवून द्यायच्या. पट्टीवर एक इंग्रजी शब्द छापलेला असायचा आणि खाली एक लाल पेनाने लिहिलेला. प्रत्येक शब्दाची दोन वाक्यं करायची. पहिल्यात शब्द नुसता यायचा, वस्तूसारखा. दुसऱ्यात त्याला अप, डाउन, ऑन, ऑफ असलं काहीतरी जोडायचं आणि त्याला कामाला लावायचं. लाइन म्हणजे तार, लाइन अप म्हणजे रांग लावणं. पुस्तकात या प्रकाराला भलंमोठं नाव होतं. आजी त्याला शेपूट म्हणायची.

"बिनशेपटीचा शब्द बसून राहतो. शेपूट लावलं की पळतो. आणि शेपूट बदललंस तर भलतीकडेच पळतो. आता लिही दुसरं. पीपल लाइन्ड अप टु टॉक टु द गोट."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. एकोणतीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसली होती. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, दोन्ही हातांत प्लगच्या दोऱ्या. तिचं इंग्रजी त्या बोर्डाएवढंच होतं. होल्ड ऑन, हँग अप, कॉल बॅक. "बाकीच्यांचं इंग्रजी डोक्याकडून सुरू होतं," ती म्हणायची, "माझं शेपटीकडून."

आजोबाही त्याच खात्यात, पण खांबांवर. लाइनमन. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून ते वहीत फार पराक्रमी झाले होते.

दार वाजलं. ठिणगीचे बाबा आत आले, हातातली जड पेटी त्यांनी कोपऱ्यात ठेवली. पेटीत पितळेची वजनं होती. दुकानादुकानांतले तराजू तपासणं हे त्यांचं काम. त्यांनी चपला सरळ रेषेत लावल्या आणि लेकीच्या खांद्यावरून वहीत डोकावले.

"आई, तार किती हात?"

"बावीस."

"मागे मला सांगितली होतीस तेव्हा सोळा होती."

"तेव्हा बकरी लहान होती."

ठिणगीने तोंडावर हात दाबला. बाबा हसले नाहीत. त्यांनी वहीची मागची पानं उलटली आणि एका जागी बोट ठेवलं.

"हा बाईंचा शेरा. वाक्यं खरी असावीत. मागच्या महिन्यातला. आई, थट्टा पुरे आता. शाळेतून आणखी एकदा काही आलं ना, तर मी हिला शिकवणीला घालणार. रोज पाच ते सात. चौकशीही करून ठेवलीय."

 आजीने मांडीखालचं खोडरबर काढलं, पुसलं आणि टेबलावर ठिणगीपुढे ठेवलं.

सून दवाखान्यात नर्स, तिची दुपारपाळी. मुलगा सातला यायचा, कामं लवकर आटपली तर आजच्यासारखा सहाला. सकाळी दहापासून घरात आजी आणि भिंतीवरचं घड्याळ, आणि घड्याळ काही गप्पिष्ट नव्हतं. दिवस उजाडायचा तो पाच वाजता, जिन्यात दप्तर आपटल्याचा आवाज आला की.

मंगळवारी आजीने मन घट्ट केलं. छापील शब्द आला 'ब्रेक'. ती म्हणाली, "लिही. सायकलला ब्रेक असतो." ठिणगीने लिहिलं. मग पेन्सिल चावत ती आजीकडे नुसती बघत राहिली. दोन मिनिटं. आजी तीन मिनिटं टिकली असती, पण पोरीने खोडरबर आपणहून तिच्या मांडीखाली सरकवलं.

"आजोबांच्या सायकलला नव्हता," आजी म्हणाली.

बुधवारी 'वॉच' आला. आजोबा हातातलं घड्याळ टेबलावर विसरून कामाला गेले, खांबावर चढले, आणि नदी त्यांना शोधत आली. वॉच आउट, सेड द रिव्हर. तिथवर गोष्ट आली आणि आजी एकदम थांबली. "भाजी चिरायची राहिलीय," म्हणाली. भाजी चिरून तासभर झाला होता.

गुरुवारी ठिणगी आली ती वही न घेताच. वही बाईंनी ठेवून घेतली होती. तिच्या जागी घडी घातलेली चिठ्ठी होती. घरच्यांनी उद्या येऊन भेटावं.

"बाबांना दाखवू?"

"कशाला? तुझे बाबा दिवसभर तराजू बघतात, दमतात बिचारे." आजीने चिठ्ठी साखरेच्या डब्याखाली सारली. "घरच्यांनी म्हटलंय ना? मग मी काय बाहेरची आहे?"

शुक्रवारी दुपारी शाळेचे तीन जिने चढताना ती प्रत्येक पायरीला "सॉरी, बाई" म्हणत गेली. वर पोचेपर्यंत तिला दम लागला होता आणि सॉरी पाठ झालं होतं.

बाई शिक्षकांच्या खोलीत वह्यांच्या ढिगाआड बसल्या होत्या. किडकिडीत बांधा, दोरी लावलेला चष्मा, बोटांना खडू.

"ठिणगीचे वडील नाही आले?"

"तो वजनं तपासायला गेलाय. मी त्याची आई. वजनात कमी भरणार नाही."

बाईंनी ते ऐकून घेतलं. मग ढिगातून वही काढली आणि उघडून आजीपुढे फिरवली.

"हे वाचा जरा. माय ग्रँडफादर्स सायकल हॅड नो ब्रेक. इथे स्पेलिंग दुसऱ्या ब्रेकचं हवं, पण ठीक. पुढचं?"

"सो द हिल ब्रोक डाउन," आजीने हळू आवाजात वाचलं.

"टेकडी बंद पडली?"

"वय झालं होतं हो तिचं."

बाईंनी चष्मा काढला आणि उगाचच पुसला. "आजी, सोमवारी तपासनीस येतायत. सगळ्या वह्या बघतात ते. वाक्यं रोजच्या व्यवहारातली हवीत, असा लेखी नियम आहे. ही वही मी त्यांच्यापुढे कशी ठेवू?"

पाठ केलेलं सॉरी आजीला आता आठवेना.

"पोरीचा दोष नाही," ती म्हणाली. "सगळं मी सांगितलंय. यापुढे एक अक्षर सांगणार नाही. टेबल, खुर्ची, जे म्हणाल ते लिहील. फक्त तिच्या बापाला कळवू नका. तो तिला शिकवणीला घालेल, पाच ते सात." तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "मग माझ्याकडे यायला तिला वेळ उरणार नाही."

तेवढ्यात दारातून कुणीतरी बाईंना हाक मारली. "आले हं," म्हणून त्या बाहेर गेल्या.

एकोणतीस वर्षं लोकांचं बोलणं कानावर पडलेल्या बाईला वह्यांच्या ढिगासमोर एकटं सोडणं म्हणजे मांजराला दुधाची राखण. आजीने वरची वही उघडली. दुसऱ्यांची पोरं काय लिहितात, तेवढंच बघावं म्हणून. सोमवारी 'लाइन', मंगळवारी 'ब्रेक', बुधवारी 'वॉच'. तिने खालची उघडली, मग तिच्याही खालची. लाइन, ब्रेक, वॉच. पट्टीवर एकेकच शब्द, छापलेला. लाल शब्द कुठेच नव्हता.

तिने ठिणगीची वही ओढली. सोमवारी बकरीने तार खाल्ली होती. मंगळवारच्या पट्टीवर खाली लाल पेनाने 'पुल'. ठिणगीने त्याचं केलं होतं, दे पुल्ड आउट द वायर. मंगळवारी सायकल उतारावर होती. बुधवारी लाल 'टर्न', उताराखाली वळण लागतं तिथे. आजी मागे मागे जात राहिली. गोष्ट जिथे अडकली असेल तिथे दुसऱ्या दिवशी नेमका त्याच कामाचा शब्द आलेला.

बाईंची पावलं वाजली तेव्हा वह्या होत्या तशा रचलेल्या होत्या.

"असं करा," बाई खुर्चीत बसत म्हणाल्या. आवाज मघासारखाच कोरडा. "तपासनिसांसाठी एक वेगळी वही करा. त्यात टेबल-खुर्ची चालेल. आणि ही मात्र माझ्याकडे येऊ द्या."

"रोज?"

"रोज." त्यांनी खडूची बोटं एकमेकांवर घासली. "पण आज हिच्यावर वडिलांची सही लागेल. मागच्या महिन्यात शेरा दिलाय मी, तो असाच सोडता येत नाही."

आजीने मान डोलावली.  बाईंनी दाराकडे बघून घेतलं आणि त्या पुढे वाकल्या.

"ते बुधवारचं. खांबावर चढले, खाली पाणी आलं, आणि तिथेच सोडलंत तुम्ही. दोन दिवस झाले. उतरले ना ते?"

 आजीने वही बाईंकडे सरकवली.

"शब्द द्या," ती म्हणाली.

बाईंनी लाल पेन उघडलं आणि लिहिलं, 'होल्ड'.

संध्याकाळी टेबलाशी बसल्यावर ठिणगीने खोडरबर मांडीखाली सरकवलं. आजीने ते परत वर ठेवलं.

"आज नाही लागायचं. खाली नदी होती आणि आजोबा खांबावर. कमरेला पट्टा होता, त्याने खांबाला बांधलेले. जवळ तपासणीचा फोन, तो तारेला जोडलेला. आणि ती तार माझ्याच बोर्डावर येत होती."

"मग तू काय बोललीस त्यांच्याशी?"

"काय बोलणार? कामावर असताना घरचं बोलायची बंदी होती. मागे आमची हेडबाई उभी. घरचा एक शब्द निघाला की लाइन काढून दुसरीकडे द्यायची. मग ते म्हणायचे, टेस्टिंग. मी म्हणायचे, होल्ड ऑन प्लीज. थोड्या वेळाने परत टेस्टिंग. परत होल्ड ऑन प्लीज."

"एवढंच?"

"एवढंच."

"यात बकरी नाही?"

"तिला पोहता येत नव्हतं."

ठिणगी हसली नाही. "किती वेळ, आजी?"

दार उघडलं होतं. कोपऱ्यात वजनांची पेटी ठेवल्याचा आवाज आला. आजीने तिकडे पाहिलं नाही.

"नऊ तास," ती म्हणाली.

ठिणगीने जीभ बाहेर काढून लिहिलं. ग्रँडफादर हॅड अ गुड होल्ड. ही हेल्ड ऑन फॉर नाइन अवर्स.

आजी उठली, साखरेच्या डब्याखालची चिठ्ठी आणली आणि वहीसकट मुलापुढे ठेवली. "शाळेत बोलावलं होतं. मी जाऊन आले. सही हवीय तुझी."

त्याने चिठ्ठी वाचली. खुर्ची ओढून बसला आणि वही पहिल्या पानापासून वाचायला लागला, दुकानदाराचं लायसन्स वाचावं तशी. बकरीपाशी त्याने सुस्कारा सोडला. टेकडी बंद पडली तिथे भुवई उचलली. आजी उभीच होती, खुर्चीच्या पाठीला धरून. शेवटच्या पानावर तो थांबला तो थांबलाच.

"खोडरबर कुठाय?"

आजीने ते त्याच्या हातात दिलं.

त्याने एकच शब्द खोडला, फुंकर मारून कचरा उडवला आणि त्या जागी नीट, ओळीवर बसेल असा दुसरा लिहिला. ठिणगी वाकून बघत होती.

"इलेव्हन? बाबा, बाईंना खरी वाक्यं लागतात."

"खरंच आहे." त्याने खाली सही केली. "सातला चढले. संध्याकाळी सहाला होडीतून उतरवून आणलं."

"तुला काय आठवतंय?" आजी म्हणाली. "पाच वर्षांचा होतास. शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं तुला."

"काकूंच्या भिंतीवर घड्याळ होतं," तो म्हणाला. त्याने पेनाला टोपण लावलं. "ते वाचायला मी त्याच दिवशी शिकलो."

 आजी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. त्याने वही ठिणगीकडे सरकवली, पण तिच्यावरचं बोट काढलं नाही.

"आणि ती तार. सोळा की बावीस, ते दोघी मिळून एकदा ठरवा. रोज सही करायची तर माप एक हवं."

आजीने टेबलावरचं खोडरबर उचललं आणि मांडीखाली दडवलं.

"अठ्ठावीस," ती म्हणाली.