घनश्याम सरांच्या वर्गातला डुगडुगता बाक

मी एक जुना बाक आहे. मित्रांनो, आज शाळेच्या ओसरीत माझ्यावर पाण्याचे माठ ठेवतात. तुम्ही पाणी पिता, पेला माझ्यावरच आपटता आणि पळता. पण माझं कूळ ऐकाल तर पेला हळू ठेवाल.

ज्या सागाच्या पोटातून मी निघालो, तो इतका उंच होता की शेंड्यावरच्या कावळ्यानं सकाळी काव केलं तर ते खाली पोचेपर्यंत दुपार व्हायची. वाघ त्याच्या सावलीत झोपला की उठून दुसऱ्या गावात निघायचा, कारण सावली तोवर त्यालाही घेऊन सरकलेली असायची. यात थोडं जास्तीचं असेल. सागाला वाढायची सवय असते, ती गोष्टीतही जात नाही.

लोहारा गावच्या एका सुतारानं मला घडवलं. तीन मुलं ऐसपैस बसतील असं बनवलं, आणि शेवटच्या पायाला येता येता त्याचं लाकूड संपलं. तो पाय बोटभर आखूड राहिला. बैलबंडीत घालून मला नेर गावच्या या शाळेत आणलं तेव्हा हेडमास्तरांनी बसून पाहिलं आणि ते थेट जमिनीवर गेले. तेव्हापासून माझी जागा मागच्या भिंतीला. डुगडुगणाऱ्या बाकावर बसता येत नाही, पण कुणाला उभं करायला तो फार छान. अशी मला नोकरी लागली.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या जुलैत दहावीच्या वर्गाला मराठी शिकवायला घनश्याम सर आले. वर्गही त्यांच्याकडेच होता. पहिल्या दिवशी कविता नाही, धडा नाही. त्यांनी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रंगीत खडूनं चौकट आखली आणि तीत नियम लिहिले. सगळ्यांनी हजेरीच्या नंबरानं बसायचं, जागा बदलायची नाही. प्रश्नही नंबरानंच विचारला जाईल, कुणाला वगळणार नाही. दुसऱ्याकडून निबंध लिहून आणला तर शून्य. तासाच्या सुरुवातीला पुस्तकातली पहिली कविता, म्हणजे देवाची प्रार्थना, प्रत्येकानं हात जोडून मोठ्यानं म्हणायची, पुटपुटायची नाही. जो म्हणणार नाही तो मागच्या बाकावर उभा राहील.

"मग तो पाटलाचा मुलगा असो की माझा," सर म्हणाले. शिपाई नेमसिंगला त्यांनी बजावलं, "सगळा फळा पूस, ही चौकट पुसू नको."

"जी सर. गाय येऊन चाटली तर माहा इलाज नाई," नेमसिंग म्हणाला.

सर बोलले तसे वागले. पहिल्याच आठवड्यात एका मालगुजाराचा, म्हणजे बड्या जमीनदाराचा, मुलगा माझ्यावर चढला. तो उभ्याउभ्या झोपला आणि इतका घोरला की बाजारातले बैल उत्तर देऊ लागले. मला सरांचा अभिमान वाटला. खरं सांगतो, वाटला.

त्या वर्गात नलू होती. तिचे वडील उकंडा जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. दोन वर्षांपूर्वी ते नागपूरला जाऊन बौद्ध झाले होते आणि परत आल्यावर घरातले देव त्यांनी नदीत सोडले होते. आधीच्या शाळेत नलू दाराजवळ बसायची. तिला बस कुणी म्हटलं नव्हतं, ऊठही कुणी म्हटलं नव्हतं. जागा आपोआप तेवढीच उरायची. इथे नंबरानं तिला पहिला बाक मिळाला. डावीकडे वच्छला, उजवीकडे विठ्ठलरावांची लीला. विठ्ठलराव शाळेच्या कमिटीत होते, त्यांचं कापसाचं मोठं शेत होतं. पहिल्या दिवशी नलू त्या बाकावर बसली आणि तास संपला तरी उठेना. सरांनी घातलेले नियम तिनं घरी जाऊन आईला म्हणून दाखवले. कवितेसारखे.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना सुरू झाली. सगळ्यांचे हात जुळले. नलूचे जुळले नाहीत.

"काय गं, पाठ नाही?" सरांनी विचारलं.

"पाठ हाय सर. पण आमी हे आता म्हणत नाई."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी चौकटीकडे बोट केलं. नलूनं ते आधीच वाचलेलं होतं. ती चालत मागे आली आणि माझ्यावर चढली. मी डुगडुगलो. माझा स्वभावच तो.

मग रोज तसंच. मराठीचा तास माझ्यावर, बाकीचे तास पहिल्या बाकावर. पण मित्रांनो, प्रश्न नंबरानं यायचे, आणि नियमात उभ्या मुलीला वगळा असं नव्हतं. तिचा नंबर आला की सर मान वर करून विचारायचे आणि ती वरून उत्तर द्यायची. तिथून तिचा आवाज पार कापूसबाजारापर्यंत जायचा. व्यापारी भाव थांबवून कविता ऐकायचे म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो. पण वर्ग हसायचा थांबला होता, एवढं खरं आहे. आणि एके दिवशी नेमसिंगनं छपरावरच्या कवेलूचा तुकडा माझ्या आखूड पायाखाली सरकवला. सरांनी पाहिलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

पोळ्यानंतर उकंडा शाळेत आले. डोक्याला, मिशीला कापसाचा भुगा. माझ्याजवळच्या खिडकीशी त्यांनी नलूला गाठलं.

"मास्तरले भेटतो मी. सांगतो, पोरीले एवढं सोडून द्या म्हणून."

"नका भेटू बाबा."

"काहून?"

"आपल्यासाठी एक नियम सोडा म्हटलं, तर ते म्हणतीन मंग नंबराचा बी सोडा. तवा मी कुठी बसू?"

उकंडांनी तिच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "आन् पाय?"

"पाय हायेत अजून."

उकंडांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ते निघाले तेव्हा घनश्याम सर समोरून येत होते. "जयभीम मास्तर," उकंडा म्हणाले. सर "नमस्कार" म्हणाले. आणि दोघंही आपापल्या वाटेनं गेले.

सर वाईट नव्हते. हेच तर सांगायला मला जड जातं. दिवाळीच्या आधी वर्ग सुटल्यावर त्यांनी नलूला थांबवलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "असं कर, ओठ तेवढे हलव. मी समजेन तू म्हटलंस."

नलूनं जरा विचार केला. "सर, दुसऱ्याचा निबंध आणला तर तुमी शून्य देता. मंग खोटे ओठ कसे चालतीन?"

सरांचा चेहरा पडला. आपल्याच चौकटीत आपल्याला कुणी उभं करेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

आणि अशा वेळी विठ्ठलराव आले. तोंडात पान, आवाजात साखर. सरांच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले.

"सर, त्या पोरीले कायले उभं करून राह्यले? वाईट दिसते हो."

"नियम आहे, विठ्ठलराव. मलाही बरं वाटत नाही."

"मंग काढून टाका न."

"एक काढला तर पक्षपात होईल."

"एक कायले, सगळेच काढा. मोठी झाली आता लेकरं. जिथं वाटते तिथं बसतीन. आमची लीला तर घरी रडते, पहिल्या बाकावर डोळ्यात खडू जाते म्हणते." विठ्ठलराव हसले. "तुमचं मन मोठं हाय सर. गाव नाव घेईल."

त्या डोळ्यात जाणाऱ्या खडूचं नाव काय होतं, ते मला कळलं. मी लाकूड असून कळलं. सर बी. ए. होते.

दिवाळीची सुटी संपली. पहिल्याच तासाला सरांनी डस्टर उचललं आणि ती चौकट स्वतःच्या हातानं पुसली. "आजपासून नियम नाहीत," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "प्रार्थना ज्याला म्हणायची त्यानं म्हणावी. हवं तिथे बसा. नलू, तू आता कधी उभी राहायची नाहीस."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. लीलानं आपली पिशवी उचलली आणि ती तिसऱ्या बाकावर गेली. वच्छला थोडी घुटमळली, नलूकडे पाहिलं, मग तीही गेली. त्या दिवशी नलू पहिल्या बाकावर एकटी बसली. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा पहिल्या बाकावर तिघं बसलेले होते. दुसऱ्यावर तिघं. तिसऱ्यावर चौघी, दाटीवाटीनं, एकमेकींच्या कमरेला धरून. कुणी तिला नाही म्हटलं नाही. वर्गात तेवढा मीच उरलो होतो.

ती माझ्याजवळ आली नाही. सरांच्या टेबलाशी गेली.

"सर, नंबराचा नियम परत लावा."

"का गं?"

"मी उभी राहातो न सर. प्रार्थनेचा बी लावा. मी रोज उभी राहातो, वर्षभर. पण तो नंबराचा राहू द्या."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, वर्गाकडे पाहिलं. त्यांना तेव्हा समजलं. मी शपथेवर सांगतो, समजलं. तिसऱ्या बाकावरच्या चौघी त्यांना दिसल्या होत्या. पण पुसलेलं परत लिहायचं म्हणजे विठ्ठलरावांना उत्तर द्यावं लागलं असतं.

"अगं, तुझ्यासाठीच तर काढले सगळे," ते म्हणाले आणि पुस्तक उघडलं.

नलू मागे आली आणि माझ्यावर बसली. कवेलूचा तुकडा पायाखाली होता, त्यामुळे मी हललोही नाही. मला हलता आलं असतं तर बरं झालं असतं.

प्रश्न आता नंबरानं येत नव्हते. सर पुढच्यांना विचारायचे, हात वर करणाऱ्यांना विचारायचे. नलूचा हात मागून वर व्हायचा. सरांची नजर तिसऱ्या बाकापर्यंत यायची आणि तिथून परत फिरायची. ज्या मुलीचा आवाज बाजारापर्यंत जायचा, तिचा आवाज पुढच्या दीड वर्षात मी फक्त हजेरीला ऐकला. इथे माझ्याजवळ वाढवून सांगायला काही नाही. मॅट्रिक तेव्हा अकरावीला असायची, आणि त्या वर्षीही खोली तीच, सर तेच. ती पास झाली. दाखला न्यायला उकंडा एकटेच आले.

मित्रांनो, अशी कहाणी सांगून झाली की माझ्यासारखे जुने लोक म्हणतात, आम्हाला रंग द्या, आमच्यावर नावं कोरू नका. मला रंग नको. कोरायचं ते कोरा, पेलेही आपटा. माझी निगा राखून आता कुणाचं भलं होणार नाही. निगा राखायची तर शेजारच्या जागेची राखा. मी तिघांचा बाक होतो. दीड वर्षं माझ्यावरच्या दोन जागा रिकाम्या होत्या आणि त्या वर्गात सगळी चांगल्या घरची मुलं होती. प्रार्थना सगळ्यांना पाठ होती.

त्यांतलं कुणी तुमचे आजोबा असतील, कुणी तुमची आजी असेल. घरी गेल्यावर विचारून पाहा, दहावीत तुम्ही कुठे बसायचा. जागा त्यांना बरोबर आठवेल. मग नलू कुठे बसायची, तेही विचारा.