सोडियमची संयुजा दोन

जेवणाच्या टेबलाशी चार खुर्च्या होत्या, ताटं तीन. चौथ्या खुर्चीसमोर ताटाऐवजी क्रोशाचा रुमाल अंथरला होता आणि त्यावर लोणच्याच्या बरणीला टेकवून एक मोबाइल उभा केला होता. बाल्कनीत एक चाकांची खुर्ची, एक स्टीलची वाटी, एक चमचा, गळ्याशी बांधायची दोन फडकी, त्यातलं एक ओलं, आणि एक माणूस. मोबाइलमध्येही एक माणूस होता. दोघांचं नाव दिगंबर.

वल्लरीने बॅग खाली ठेवायच्या आधीच हे सगळं मोजून घेतलं. हैदराबादच्या प्रयोगशाळेतून ती चार महिन्यांनी घरी येत होती.

"हातपाय धू आणि बस," तिची आई आनंदी म्हणाली. मग मोबाइलकडे वळून तिने आवाज मऊ केला. "अहो, वल्लरी आलीये."

"आल्या का राणीसरकार? वाटेत किती मुक्काम केले?" मोबाइल म्हणाला आणि खाकरला.

आवाज बाबांचा, टोमणाही बाबांचाच. पण ते खाकरणं! घसा नाही, कफ नाही, आणि खाकरतंय.

दिगंबर सरांनी कोथरूडमधल्या एका क्लासमध्ये एकोणतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं. सात महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आत किती पोचतं ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. क्लासकडे सरांची चारशे बारा तासिकांची रेकॉर्डिंग होती. वल्लरीचा भाऊ केदार खराडीला नोकरी करायचा. त्याने ती सगळी आणि घरातले जुने व्हॉइस मेसेज मशीनला भरवले आणि सरांची बोलणारी प्रत तयार केली. आधी ती मुलांच्या शंका सोडवायला होती. मग ती घरी जेवायला बसू लागली.

"बाबा जेवले?" वल्लरीने विचारलं.

"त्यांचं झालं मघाशीच, बाल्कनीत. लाळ गळते गं. समोर बसलं की घास उतरत नाही." बोलता बोलता आनंदीने चष्म्याच्या मऊ फडक्याने मोबाइलची काच पुसली.

वल्लरी बाल्कनीत गेली. बाबांच्या हनुवटीवर वरणाचा पिवळा ओघळ वाळून कडक झाला होता. तो पुसायला खुर्चीच्या दांडीवर जुन्या बनियनचा तुकडा लटकत होता, ओशट, आंबूस वासाचा. तिने आपला स्वच्छ रुमाल भिजवून त्यांचं तोंड पुसलं. ते तिच्याकडे बघत राहिले. आतून मोबाइलचा आवाज आला, "आनंदी, कोशिंबीर झकास दिसतेय हं."

"दिसतेय म्हणे," वल्लरी परत येत म्हणाली. "कशाने दिसतेय?"

"सुरू झाली," केदार म्हणाला.

पाणी घ्यायला तिने फ्रिज उघडला, तेव्हा दारावरच्या चुंबकाखालचा कागद तिच्या डोळ्यांपुढे आला. शुश्रूषा केंद्राचा प्रवेश अर्ज. रुग्णाचं नाव दिगंबर. मुदत : कायमस्वरूपी. दाखल करण्याचा दिवस : सोमवार. खाली आनंदीची सही. आज शनिवार होता.

"हे काय आहे, आई?"

"माझी कंबर गेलीये त्यांना उचलून." आनंदीने भाताचं भांडं आपटलं. "आणि तिथे कोण जाणारे? नुसतं शरीर. तुझे बाबा इथेच राहणारेत की." तिने मोबाइलकडे बोट केलं. "बोलतात, विचारपूस करतात. लग्नातला पंगतीचा किस्सासुद्धा सांगितला परवा."

"तो किस्सा तूच पाठवला होतास केदारला. व्हॉइस मेसेज."

"म्हणून काय खोटा झाला?"

केदारने ताट सारलं. "तू लॉजिकली बघ ना. तुमच्या लॅबमध्ये एका बॅक्टेरियाचे दोन होतात. ओरिजिनल कुठला, सांगता येतं?"

"नाही."

"मग?"

"पण त्यातला एक दुसऱ्याला सोमवारी केंद्रात पाठवत नाही. दोन्ही जिवंत असतात, केदार. तुमचं एकाला गेलेला धरल्याशिवाय चालतच नाहीये."

"वल्लरी," मोबाइल समजुतीच्या सुरात म्हणाला, "आईचं ऐकावं. त्यांची नीट सोय होईल तिथे."

त्यांची. वल्लरी ताटावरून उठली.

संध्याकाळी सहाला क्लासच्या मुलांचे फोन सुरू झाले. मोबाइल टेबलावरच होता आणि बाल्कनीचं दार उघडं. एका मुलीला मिठाचं सूत्र समजत नव्हतं.

"सोपं आहे," प्रत म्हणाली. "सोडियमची संयुजा दोन, म्हणून त्याला क्लोरीनचे दोन अणू लागतात. लिही."

"हो सर," मुलगी म्हणाली. संयुजा एक असते, हे वल्लरीच्या ओठांवर आलं, तोवर प्रत खाकरली आणि पुढे गेली.

टक, टक.

आवाज बाल्कनीतून आला होता. वल्लरी बाहेर धावली. बाबांच्या डाव्या हातात चमचा होता आणि खुर्चीच्या दांड्यावर तो त्यांनी तिच्यासमोर आणखी दोनदा आपटला.

ती टकटक क्लासमधून गेलेल्या कुणालाही ओळखता आली असती. दिगंबर सर प्रत्येक तासाला फळ्यावर एक चूक मुद्दाम पेरायचे. जो पकडेल त्याला लिमलेटची गोळी. कुणी ओरडलं, "सर, चुकलं!" की सर टेबलावर डस्टर दोनदा आपटायचे : सापडली! मग चूक खोडून बरोबर लिहायचे.

"केदार, रेकॉर्डिंगमधला तो भाग कुठे गेला? मुलं ओरडतात, डस्टर वाजतो, तो?"

"नॉइज होता तो. काढला सगळा."

"आणि चुका?"

केदार मोबाइलचा आवाज कमी करू लागला.

"चारशे बारा चुका ठेवल्यास आणि पकडलेलं काढून टाकलंस. खाकरणं मात्र ठेवलंस?"

"ते ऑथेंटिक वाटतं."

"शी!"

"अगं, पण त्या टकटकीवर जाऊ नकोस. हात थरथरतो त्यांचा. कोइन्सिडन्स असणार."

"असेल. मोजू."

रविवारी सकाळी तिने चाळीस विधानं लिहिली. सगळी नववी-दहावीची, वीस बरोबर, वीस चूक. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवला आणि एकसुरी आवाजात ती रेकॉर्ड केली. चेहरा पाहून बाबांना उत्तर कळायला नको, म्हणून ती आणि केदार घराबाहेर जिन्यात बसणार होते. नोंद आनंदीने करायची. तिला रसायनशास्त्राचा गंधही नव्हता. आधी मोबाइल, मग बाबा.

"मला कशाला या भानगडीत ओढता?" आनंदी कुरकुरली. "आणि लिहू कशावर?" हाताशी काही सापडेना, तेव्हा तिने फ्रिजवरचा अर्ज ओढला आणि पालथा घातला.

दाराआडून मोबाइलचं ऐकू येत होतं. "बरोबर. शाब्बास." खाकरणं. "बरोबर. शाब्बास." खाकरणं. विसाव्या 'शाब्बास'ला केदारने कानात बोळे घातले.

मग बाबांची पाळी आली. बराच वेळ वल्लरीला फक्त स्वतःचाच रेकॉर्ड केलेला आवाज ऐकू आला. मग टक, टक. मग शांतता. पुन्हा टक, टक. मध्येच आनंदीचा आवाज आला, वैतागलेला, "अहो, जरा थांबा ना! लिहू तरी द्या."

दार उघडलं. आनंदीने कागद पुढे केला. वल्लरीने तिच्या खुणा विधानांच्या यादीशी दोनदा ताडून पाहिल्या आणि आनंदीने घातलेल्या मथळ्यांखालीच आकडे लिहिले.

मोबाइल : चुकीची विधानं वीस, पकडली दोन.

हे : चुकीची विधानं वीस, पकडली अठरा. बरोबर विधानं वीस, त्यांवर टकटक एकदा.