चार वाजताचं कीर्तन

बुवांनी आख्यान मधेच थांबवलं, झांजा उपरण्यात गुंडाळल्या आणि देवळासमोरच्या सतरंजीकडे पाहिलं. तिच्यावर सावलीच्या कडेनं एक शेळी बसली होती. खांबाला टेकून देवळाचे पंच आप्पासाहेब पेंगत होते. उरला रामकिसन, लासूर स्टेशनहून बोलावलेला पेटीवाला. त्याला श्रोत्यांत धरता येत नव्हतं.

"थांबलात, बुवा?" रामकिसननं विचारलं.

"सांगू कुणाला? शेळीला?"

वैशाखातली दुपार. पोलीस अॅक्शनला सात-आठ वर्षं झाली होती आणि गुलमंडीमागच्या या गल्लीतला सप्ताह पुन्हा नेमानं होऊ लागला होता. आप्पासाहेबांनी पत्रात 'दिवे लागल्यावर' असं लिहिलं होतं. बुवांनी उलट टपाली 'चार वाजता' कळवलं. बुवा कोकणातले, त्यांच्या गावी चारला खाडीवरून वारा सुटतो, बायाबापड्या मोकळ्या होतात, अंगण भरतं. इथं चारला भिंतीला हात लावला तरी चटका बसत होता.

आजचा चौथा दिवस. रोज बंद दारं, रोज हीच शेळी. "ऐकतात हो लोक, बुवा," असं आप्पासाहेब रोज म्हणायचे. दुखणाइताची समजूत घालावी तसं. गावाकडे दोन वर्षं कुणाचं बोलावणं आलं नव्हतं. बुवांचा गळा उतरला, असं लोक म्हणताना त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आजही कुणी आलं नाही, तर झांजा इथंच देवापुढे ठेवायच्या आणि घरी जायचं, हे त्यांनी सकाळच्या पूजेत ठरवून टाकलं होतं.

आधी घोटभर पाणी हवं होतं. त्यांनी समोरच्या घराची कडी वाजवली. घर मनकर्णाबाईंचं, बुवांचं जेवण तिथूनच यायचं.

दार उघडलं आणि अंधार लागला. गार, वाळ्याच्या वासाचा अंधार. खिडकीच्या ओल्या पडद्यातून झुळूक येत होती. डोळे सरावले तसं दिसलं, शहाबादी फरशीवर पाणी ओतलेलं आणि तिच्यावर पाय पसरून पंधरा-वीस बाया बसलेल्या. कुणाच्या मांडीवर पोर, कुणापुढे कैऱ्यांचं ताट. भिंतीशी खाटेवर म्हातारे कडूबा. सगळ्यांची तोंडं दाराकडे.

"का थांबलात?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "सुदामा तिकडं द्वारकेच्या दारात उभा ऱ्हायला की! त्याला आत तरी घ्या."

बुवांना पाणी मागायचं सुचेना. "तुम्ही... ऐकत होता?"

"मंग? पहिल्या दिसापासून."

"परवा दोन चरण गाळले तुम्ही," खाटेवरून कडूबा म्हणाले. "म्हणलं जाऊ द्या. पाव्हण्याला काय बोलावं?"

बायांच्या बांगड्या हसल्या.

"आन् ही पल्याडची वहिदा," मनकर्णाबाईंनी मधल्या भिंतीकडे मान वळवली. "अभंग संपस्तोर पडद्यावर पाणी मारत नाय. आवाज होतो ना! काल वाळून पार खडखडीत झाला तिचा पडदा."

भिंतीतल्या झरोक्यातून एक बाईचा आवाज आला, "अम्मा बी सुनते बैठे, बुवा. पूछ रए, बंद कायकू करे?"

"मग पुढे येऊन का नाही बसत कुणी?"

"ह्या उन्हात?" मनकर्णाबाईंनी त्यांच्या हाती पन्ह्याचा पेला दिला. "उन्हाशी भांडू नाय, बुवा. त्याला बाहेर बसू द्यावं, आपण आत ऱ्हावं. भिजल्या फरशीवर पाय, हातात गारेगार पन्हं आन् कानात देवाचं नाव. लई गोड असतोय आमचा उन्हाळा. टेका जरा."

बुवा टेकले. तळव्यांतून गारवा वर चढत गेला. गूळ-वेलदोड्याचा तो आंबटगोड घोट घशाखाली उतरला, तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि पेल्यासकट हात जोडले. ते कुणाला, हे कुणी विचारलं नाही.

"आता इथंच बसून सांगा," एक बाई म्हणाली. "मरायला कशाला जाता उन्हात?"

फरशीवरून पाय उचलवत नव्हते. बुवांनी विचारलं, "गल्लीत घरं किती?"

"असतील वीस-बावीस."

"इथून सांगितलं तर बाकीच्यांना कसं ऐकू जायचं?"

ते उठले. पेला दोन्ही हातांनी मनकर्णाबाईंना परत दिला.

बाहेर ऊन होतं तिथंच होतं. रामकिसन पेटीला कापड गुंडाळत होता.

"सोडा ते," बुवा झांजा सोडवून, पदर खोचावा तसं उपरणं कमरेला खोचत म्हणाले. "काळी चारचा सूर धरा. मंडळी खोळंबलीत."

रामकिसननं रिकाम्या सतरंजीकडे पाहिलं. मग बुवांच्या तापलेल्या टाळूकडे पाहिलं, आणि भाता सोडला.